यूटीएमच्या जॉमध्येच नमुना तुटतोय, यील्डही कमी येतंय: ग्रिप आणि फिक्स्चरविषयी चर्चा

भोसरी_लॅब

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमची छोटी मटेरियल टेस्टिंग लॅब आहे. हायड्रॉलिक यूटीएम (नमुन्याची टोकं जॉमध्ये, म्हणजे दातेरी पकडीत, धरून तो तुटेपर्यंत ओढणारी मशीन), ६० टनी, जुनी पण तब्येतीने चांगली. कॅलिब्रेशन याच वर्षी झालंय, क्लास १ मध्ये, म्हणजे एक टक्का चुकीच्या आत, बसलंय.

वाकडच्या एका साइटवरून १६ मिमीच्या एफई ५०० डी सळया आल्या. एकाच बंडलातले तीन तुकडे ओढले. यील्ड, म्हणजे सळई कायमची ताणली जायला लागते तो ताण, आलं ४४८, ५३६ आणि ४५५ एमपीए (न्यूटन प्रति चौ.मिमी). अंतिम ताणसामर्थ्य (तुटण्याआधीचा सर्वोच्च ताण) मात्र तिन्हींचं ६३६ ते ६४२ च्या आत. दोन तुकडे जॉच्या तोंडाशी तुटले. आयएस १७८६ (काँक्रीटच्या सळयांचं भारतीय मानक) प्रमाणे यील्ड किमान ५०० हवं, म्हणजे कागदावर दोन नापास. कंत्राटदाराचा माल साइटवर अडकून पडलाय, मिलचं सर्टिफिकेट व्यवस्थित आहे आणि फोन आम्हाला येताहेत.

रिपोर्टवर सही करण्याआधी खात्री करायची आहे. नमुना धरण्यात काही गडबड असेल तर ती ओळखायची कशी? ग्रिप, जॉ, फिक्स्चर यांवर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, तेव्हा सळयांखेरीज इतर मटेरियलचे अनुभवही इथे लिहिलेत तर फार बरं होईल.

चाकणकर

री-रोलिंगचा माल दिसतोय ताई. बंडलात दोन वेगळ्या हीट (भट्टीतून वेगवेगळ्या वेळी काढलेलं पोलाद) मिसळल्या असतील. आमच्याकडे इनवर्डला, म्हणजे माल आत घेताना, असा माल आला की आम्ही सरळ परत पाठवतो. दोन तुकडे नापास म्हणजे नापास.

जुना_मेटलर्जिस्ट

इतक्यात परत पाठवू नका. आकडे नीट पाहा. दोन वेगळ्या हीट असत्या तर अंतिम सामर्थ्यही हललं असतं. इथे ते सहा एमपीएच्या आत आहे आणि यील्ड मात्र ऐंशीनं हलतंय. ग्राफ बघितल्याशिवाय मी तरी सळईला दोष देणार नाही.

ताई, कमी आलेल्या दोन तुकड्यांचा भार-विस्थापन ग्राफ काढा आणि ९० किलोन्यूटनच्या आसपास काय घडलंय ते इथे लिहा. १६ मिमीचं क्षेत्रफळ २०१ चौ.मिमी धरलं तर ४४८ एमपीए म्हणजे बरोबर ९० किलोन्यूटन.

भोसरी_लॅब

सर, आत्ताच काढला. ९० ला भार एकदम दोन-अडीच किलोन्यूटननं खाली पडलाय आणि लगेच पुन्हा त्याच चढाने वर गेलाय. पुढे १०७ च्या आसपास रेघ थोडी आडवी होते आणि मग वळते. ४५५ वाल्या तुकड्यातही तसंच, फक्त पडण्याची जागा थोडी वर. ५३६ वाल्यात ही पायरी नाहीच.

जुना_मेटलर्जिस्ट

मग सापडलं. ही पायरी यील्डची नाही, जॉ सरकल्याची आहे. सविस्तर लिहितो, कारण हा घोटाळा बऱ्याच लॅबमध्ये होत असणार आणि त्यात चांगला माल नाकारला जातो.

वरचं यील्ड सामर्थ्य म्हणजे भार पहिल्यांदा खाली येण्याआधीचा सर्वोच्च ताण, अशी व्याख्या आहे. सॉफ्टवेअर तेच शोधतं. भार कशामुळे पडला हे त्याला कळत नाही. नमुना जॉमध्ये अर्धा मिलिमीटर सरकला तरी भार पडतो, सॉफ्टवेअर तिथे खूण करतं आणि रिपोर्टवर ४४८ छापून येतं. खरं यील्ड तुमच्या ग्राफवर १०७ ला दिसतंय, म्हणजे ५३२ एमपीए. तिसऱ्या तुकड्याशी जुळतंय की नाही?

ओळखायची खूण अशी: सरकल्यानंतर भार पुन्हा जवळपास आधीच्याच चढाने वर जातो, कारण सळई अजून लवचीक टप्प्यातच असते. खऱ्या यील्डनंतर तो चढ परत येत नाही. एक्स्टेन्सोमीटर (नमुन्यावरच बसवून त्याची लांबीवाढ मोजणारं उपकरण) लावला असेल तर शंकाच राहत नाही. जॉ सरकला तरी नमुन्याच्या अंगावर बसलेला एक्स्टेन्सोमीटर फसत नाही, क्रॉसहेडचं (मशीनच्या जॉ धरणाऱ्या आडव्या भागाचं) विस्थापन फसतं. एक्स्टेन्सोमीटर नसेल तर ओढण्याआधी जॉच्या तोंडाशी सळईवर खडूने किंवा मार्करने रेघ मारा. चाचणीनंतर रेघ आणि जॉ यांच्यात फट दिसली तर किती सरकलं ते डोळ्यांना दिसतं.

आता ते का सरकतं, ते सांगतो. आपल्या यूटीएमचे जॉ पाचरीवर चालतात. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरीसारखंच, जितकं ओढाल तितकं घट्ट. पण त्याला एक अट आहे आणि ती फार थोडे लोक पाळतात: जॉच्या दातांकडे घर्षण भरपूर हवं आणि पाठीकडे, म्हणजे जिथे जॉ क्रॉसहेडच्या उतारावर सरकतो तिथे, घर्षण अगदी कमी हवं.

हिशेब करून दाखवतो. उताराचा कोन समजा १० अंश. पाठ स्वच्छ आणि ग्रीस लावलेली, घर्षणांक ०.१. अशा वेळी १०० किलोन्यूटन ओढीला प्रत्येक बाजूचा जॉ नमुन्याला साधारण १७८ किलोन्यूटननं दाबतो. आता पाठ कोरडी, खपल्या आणि गंज अडकलेली, घर्षणांक ०.३ धरा. तोच दाब ९९ किलोन्यूटनवर येतो. ओढ तीच, पकड जवळजवळ निम्मी. दातांच्या बाजूने बघितलं तर पहिल्या स्थितीत ०.२८ घर्षणांकावर नमुना धरून राहतो, दुसऱ्यात ०.५० लागतो. दात बोथट असतील किंवा त्यांत खपल्या भरल्या असतील तर तेवढं मिळत नाही आणि नमुना सुटतो.

टीएमटी (लाटल्यावर पाण्याने झटकन थंड केलेल्या) सळईवरची काळी खपली ओढताना झडते आणि खालच्या क्रॉसहेडच्या जॉमध्ये साठते. तिथून ती उतारावर जाते. ताई, तुमचे खालचे जॉ काढून पाठ बघा आणि काय दिसतं ते सांगा.

चाकणकर

सर, एक शंका. जॉ ९० ला सुटला तर पुढे १२८ किलोन्यूटनपर्यंत धरला कसा? पकडच नसेल तर आणखी भारावर आणखी सरकायला हवा.

जुना_मेटलर्जिस्ट

चांगली शंका. कोरड्या पाठीवर जॉ अडकून बसतो, उतारावर एकसारखा सरकत नाही. ओढ वाढते पण दाब त्या प्रमाणात वाढत नाही. मग एका क्षणी नमुना सटकतो, त्या धक्क्याने जॉ उतारावर पुढे बसतो, दात नव्या जागी रुततात आणि दाब पुन्हा मिळतो. म्हणून एकच पायरी दिसते. पाठ फारच वाईट असेल तर करवतीच्या दातांसारखी रेघ दिसते, तेव्हा सगळ्यांनाच कळतं. एक पायरी जास्त फसवी, कारण ती यील्डसारखी दिसते.

वायरकट_भोसरी

जुन्या सरांनी पाठीचं लिहिलं ते शंभर टक्के. आम्ही जॉ बनवतो, लोक दात घासले म्हणून नवे मागायला येतात आणि पाठ बघितली तर तिथे खड्डे पडलेले असतात. नवे दात लावून काही होत नाही तिथे.

आमच्या बाजूने काही गोष्टी. सगळा जॉ आरपार कडक केला तर तो ठिसूळ होतो आणि पूर्ण भारावर तडकतो. आम्ही २० एमएनसीआर ५ पोलाद घेऊन कार्बुरायझिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवणं) करतो, वर ५८ ते ६० एचआरसी कडकपणा आणि आत चिवट गाभा. नंतर पाठ ग्राइंड करायचीच, हीट ट्रीटमेंटमध्ये ती थोडी वाकते. ग्राइंडिंगचे पैसे वाचवायला सांगणारं गिऱ्हाईक आम्ही परत पाठवतो.

दात फार टोकदार ठेवले तरी घोटाळा. नवीन जॉमध्ये पहिले काही नमुने जॉच्या तोंडाशीच तुटतात ते यामुळे. तोंडाकडचे दोन-तीन दात मुद्दाम थोडे उतरवून घ्यावेत, म्हणजे पकड आतून सुरू होते आणि तोंडाशी चरा पडत नाही.

आणि जॉचा रेंज पाळा. १६ मिमीची सळई १० ते २० च्या व्ही-जॉमध्येच. २० ते ३० चा लावला तर सळई खाचेच्या तळाकडे जाते, नीट बसत नाही.

भोसरी_लॅब

खालचे जॉ काढले. पाठीवर काळा थर होता, नखाने खरवडला तर निघत नव्हता. ग्रीस वाळून त्यात खपल्या चिकटल्या होत्या. दातांच्या तळातही तेच. जॉ घासायला टाकलेत, उद्या पुन्हा ओढणार.

जॉच्या तोंडाशी तुटण्याचं काय मग? तो तुकडा धरायचा की बाद करायचा? आमच्याकडे यावर दोन मतं आहेत.

जुना_मेटलर्जिस्ट

आयएस १६०८ (धातूंच्या ताण चाचणीचं मानक) मध्ये, जो आयएसओ ६८९२-१ शी जुळतो, हे स्पष्ट आहे. तुटण्याची जागा जवळच्या गेज खुणेपासून (लांबीवाढ मोजायला नमुन्यावर आधी केलेली खूण) मूळ गेज लांबीच्या एक-तृतीयांशापेक्षा जवळ असेल तर लांबीवाढीचं माप ग्राह्य धरत नाहीत. १६ मिमीला गेज लांबी ८० मिमी, म्हणजे साधारण २७ मिमी. पण त्याच कलमात पुढे आहे की लांबीवाढ किमान अपेक्षेइतकी किंवा जास्त भरली तर तुटण्याची जागा कुठलीही असो, माप चालतं. एफई ५०० डी ला १६ टक्के हवेत. तोंडाशी तुटून १८ आले तर पास. तोंडाशी तुटून १३ आले तर तो नमुना सळईबद्दल काही सांगत नाही, दुसरा ओढा.

टीएमटीला तोंडाशी तुटण्याचा त्रास का जास्त, तेही समजून घ्या. सळईच्या बाहेर टेम्पर्ड मार्टेन्साइटचं कडक कडं असतं, आत मऊ फेराइट-पर्लाइट. दात नेमके त्या कड्याला चरे पाडतात. खरादून गुळगुळीत करणं हा उपाय नव्हे, कारण मग ज्या कड्यामुळे सळईला ताकद आहे तेच निघून जातं.

पिरंगुट_फाउंड्री

चर्चा सळयांवर आहे पण ओतकामाचं सांगतो, कारण आमचं दुखणं वेगळं आहे. ग्रे आयर्नला (ओतकामाच्या ठिसूळ लोखंडाला) आम्ही पाचरीचे जॉ लावतच नाही. त्याच्या मानकाप्रमाणे, आयएस २१० प्रमाणे, ३० मिमीची वेगळी ओतलेली कांडी, खरादून मधला भाग २० मिमी, टोकांना आटे. आटे असलेल्या होल्डरमध्ये बसवायची आणि होल्डरच्या मागे गोलाकार बैठक हवी, म्हणजे कांडी स्वतः सरळ रेषेत येते.

बैठक नसेल तर काय होतं? गोल नमुन्यात भार अक्षापासून ई इतका बाजूला असला तर कडेला वाकण्याचा ताण सरासरीच्या आठ ई भागिले व्यास एवढा वाढतो. २० मिमीच्या कांडीत नुसता अर्धा मिलिमीटर चुकला तर एका कडेला २० टक्के जास्त ताण. पोलाद यील्ड होऊन तो फरक वाटून घेतं. ग्रे आयर्नकडे ती सोय नाही, जास्त ताणाची कडा आधी फुटते आणि कांडी गेली. एफजी २६० ची (किमान २६० एमपीएची) चांगली कांडी त्या हिशेबाने २१७ च्या आसपास तुटू शकते. एका बाहेरच्या लॅबकडून आमची सलग तीन ओतकामं अशीच नापास होऊन आली होती. तिथे जाऊन पाहिलं तर गोलाकार बैठकीतलं तेल वाळून ती घट्ट बसलेली, हाताने हलत नव्हती. तेल घालून मोकळी केल्यावर त्याच ओतकामाच्या राखून ठेवलेल्या कांड्या पास झाल्या.

कॅलिब्रेशनचा कागद लोडसेल (भार मोजणारा भाग) बरोबर वाचतो एवढंच सांगतो. नमुना सरळ धरलाय की वाकडा, ते त्यात कुठेच नसतं. ऑडिटला येणाऱ्यांनी हे विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रबर_आणि_सील

आमच्याकडे त्याच्या अगदी उलट. रबराचं डंबेल (मध्ये अरुंद, टोकांना रुंद असा नमुना) ओढलं की लांब होतं आणि पातळ होतं, टोकंसुद्धा. स्क्रूचे चपटे जॉ सुरुवातीला कितीही आवळा, तीनशे टक्के ताणावर ते सैल पडलेले असतात आणि टोक सुळकन निसटतं. जास्त आवळलं तर टोक तिथेच चिरतं. म्हणून रबराला स्वतःहून आवळणारे रोलरचे ग्रिप किंवा हवेच्या दाबाचे ग्रिप. हवेवालं सोयीचं: नमुना पातळ झाला तरी दाब तेवढाच राहतो, पायाचं पेडल असेल तर दोन्ही हात नमुना सरळ धरायला मोकळे. लांबी मात्र क्रॉसहेडवरून कधीच घेऊ नका, डंबेलच्या मधल्या दोन खुणांमधलीच घ्या.

पुलावरचा_इंजिनिअर

प्रीस्ट्रेसच्या (काँक्रीटला आधीच दाबात ठेवणाऱ्या) सात तारांच्या स्ट्रँडबद्दल कोणी सांगेल का? आयएस १४२६८ चा १२.७ मिमी, वर्ग २. तुटण्याचा भार किमान १८३.७ किलोन्यूटन हवा. आमच्या लॅबकडून १७६ आला आणि एकच बाहेरची तार जॉमध्ये तुटलेली.

जुना_मेटलर्जिस्ट

एकच तार, तीही जॉमध्ये, आणि भार किमानपेक्षा कमी. हा निकाल स्ट्रँडचा धरता येत नाही, पुन्हा चाचणी मागा. साध्या व्ही-जॉचे दात बाहेरच्या तारांना खाच पाडतात आणि मधली तार तर थेट धरलीच जात नाही, ती बाहेरच्या सहांच्या दाबावर टिकते. उपाय म्हणजे लांब जॉ, बारीक दात आणि मध्ये मऊ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं वेष्टण. लांब जॉमुळे तोच दाब जास्त लांबीवर पसरतो. चाचणीनंतर तुटल्याची जागा आणि किती तारा तुटल्या हे रिपोर्टवर लिहायला लावा, नुसता भार नको.

चाकणकर

आमच्याकडे इनवर्डला येणाऱ्या रिपोर्टमध्ये तुटण्याची जागा कुठेच लिहिलेली नसते. उद्यापासून पुरवठादारांकडून मागणार. आणि ग्राफही.

एमटेक_करतेय

मी कार्बन-इपॉक्सीच्या पट्ट्यांवर काम करतेय, एएसटीएम डी ३०३९ (अशा पट्ट्यांच्या ताण चाचणीचं अमेरिकन मानक) प्रमाणे. शून्य अंशाची (तंतू ओढीच्या दिशेतच असलेली) पट्टी, २५० लांब, १५ रुंद, १ मिमी जाड. टोकांना ग्लास-इपॉक्सीचे टॅब (जॉपासून पट्टी वाचवणारे तुकडे) चिकटवले तर टॅबच सुटून येतात, न चिकटवता धरलं तर पट्टी जॉमध्ये चिरडते. काय करावं?

जुना_मेटलर्जिस्ट

टॅब सुटण्याचं कारण बहुतेक वेळा पृष्ठभाग असतो. दोन्ही बाजू एमरीने हलक्या हाताने घासा, तंतू उघडे पडेपर्यंत नको. ॲसिटोनने पुसा, त्यानंतर बोट लावू नका. डिंक दोन्हीकडे पातळ लावा आणि तो जितका वेळ सांगितलाय तितका वेळ दाबाखाली ठेवा, घाई नको. टॅब जॉच्या तोंडातून किंचित बाहेर यायला हवा, म्हणजे जॉची कड थेट पट्टीवर येत नाही.

पण आधी टॅबशिवाय एक करून बघा. जाळीसारखा एमरी कापड असतो तो पट्टी आणि जॉ यांच्यामध्ये, खरखरीत बाजू पट्टीकडे करून, नुसता ठेवा. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. बारीक दातांचे जॉ असतील तर पुष्कळ पट्ट्या एवढ्यावर नीट तुटतात. हायड्रॉलिक ग्रिप असेल तर दाब कमीवर ठेवून सुरू करा आणि पट्टी सरकायची थांबेपर्यंतच वाढवा. पाचरीच्या जॉमध्ये ती मुभा नाही, तिथे दाब ओढीबरोबर आपोआप वाढतो आणि चिरडणं आपल्या हातात राहत नाही.

एमटेक_करतेय

आमच्याकडे हायड्रॉलिक ग्रिप आहे, पण दाब कायम एकाच आकड्यावर ठेवलेला असतो, पोलादाच्या नमुन्यांसाठी. तो बदलायची परवानगी मागते. धन्यवाद सर.

भोसरी_लॅब

सगळ्यांना निकाल सांगते. जॉ आणि क्रॉसहेडचा उतार केरोसीनने धुतला, तारेच्या ब्रशने दात साफ केले, पाठीला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस पातळ लावलं. दातांना अजिबात नाही. त्याच बंडलातून नवे तुकडे घेतले, सळईच्या लांबीवरच्या उभ्या रेघा दोन जॉच्या फटीत येतील असे धरले. वायरकटच्या सांगण्याप्रमाणे १० ते २० चाच जॉ. जॉच्या उंचीच्या किमान तीन-चतुर्थांश तरी सळई आत जाईल एवढा तुकडा लांब कापला, आधी आम्ही तुकडे आखूड कापत होतो हेही लक्षात आलं.

यील्ड ५३४, ५२९, ५४१. ग्राफ स्वच्छ, पायरी कुठेच नाही. खडूची रेघ जागेवर. दोन मध्ये तुटले. तिसरा खालच्या जॉजवळ तुटला पण लांबीवाढ १८ टक्क्यांच्या वर, म्हणजे चालतं. जुने ग्राफ आणि नवे ग्राफ दोन्ही जोडून रिपोर्ट पाठवला, जुन्या आकड्यांचं कारणही त्यात लिहिलं. साइटवरचा माल सुटला.

आता दर आठवड्याला जॉ काढून पाठ साफ करायची असं ठरवलंय, टीएमटी जास्त असेल त्या आठवड्यात दोनदा. नमुन्याभोवती ॲक्रिलिकचं कवच होतं ते कोपऱ्यात पडलेलं, तेही परत लावलं. सळई तुटल्यावर झडणाऱ्या खपल्या डोळ्यांत जाण्याइतक्या जोरात उडतात, नवीन मुलांना ते रोज सांगावं लागतं.

वायरकट, खालचे दोन जॉ पाठीवर थोडे खोल गेलेले दिसताहेत. नवे करायचे झाले तर दोनच करून चालतील का? वरचे बरे आहेत.

वायरकट_भोसरी

ताई, खालचे दोन नवे करायला हरकत नाही, फक्त ती जोडी एकाच वेळी करायची. एक जुना, एक नवा असं नको, जाडीत फरक पडला की सळई मध्यावरून सरकते आणि मग ते वर पिरंगुटवाल्यांनी सांगितलेलं वाकणं सुरू होतं. वरचेही एकदा पाठवा, मोजून सांगतो. मशीनचा मॉडेल नंबर, जॉवर कोरलेला रेंज आणि उताराचा कोन लागेल. कोन माहीत नसेल तर जुना जॉच घेऊन या, आम्ही प्रोफाइल प्रोजेक्टरवर (सावली मोठी करून मोजणारं यंत्र) काढतो. क्रॉसहेडच्या उतारावर बोट फिरवून बघा, तिथे पायरी लागत असेल तर आधी ते दुरुस्त करायला हवं, नाहीतर नवे जॉही तिथेच अडकतील. गुरुवारी आमच्याकडे बंद असतं, शुक्रवारी सकाळी आणा.